एक सीट द्वारका

नाशिक रोडला पहाटे साडेपाचला उतरले
तर स्टेशनाबाहेर आठ-दहा माणसं
माझ्या नावानं ओरडत होती.

द्वारका! द्वारका! चला, एक सीट द्वारका!

दचकून वळले.
गंगाखेडात या नावानं हाक मारणारी
शेवटची बाई गेली, त्याला सहा वर्षं झाली.
तेव्हापासून मी ऑफिसात म्याडम, गल्लीत काकू,
घरात नुसती ‘अगं’.
आणि इथं कानटोपीतला एक पोरगा
विडी विझवून, शिरा ताणून,
मी सापडल्याशिवाय
रिक्षा हलवायला तयार नाही.

द्वारका हा चौक आहे, हे नंतर कळलं.
पुण्याचा रस्ता तिथं मुंबईच्या रस्त्याला भेटतो
आणि दोघांनाही घाई असते.

शालिमारच्या लॉजवर रजिस्टर पुढं आलं.
नाव. गाव. येण्याचं कारण.
‘एकट्याच?’ हा रकाना छापलेला नव्हता,
तो मॅनेजरनं तोंडी विचारला.
वयापुढं पन्नास लिहिलं, मग आठवलं,
आज नऊ फेब्रुवारी.
शून्यावर एक गिरवला.
‘खाडाखोड झाली ताई, बाजूला सही करा.’
केली.
माझ्या वयावर माझी सही
आजवर कुणी मागितली नव्हती.

बॅग उचलताना पोऱ्या वाकला तो वाकलाच.
‘दगड भरलेत का?’
वजनं आहेत, म्हटलं. दहाचं एक, पाचाचं एक,
दोनाची दोन, एकाचं एक,
आणि मखमलीच्या डबीत ग्रॅमची पिल्लं.
लोकांचे काटे खरं बोलतात का
ते बघत हिंडते मी, गावोगाव.

दिवसभर दिंडोरीकडं, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये.
थंडगार हॉल, डोक्याला जाळ्या बांधलेल्या बाया,
कात्र्यांची कुरकुर.
काट्यावर पितळ ठेवायचं, आकडा थांबू द्यायचा, लिहायचं.
सातव्या काट्याला फोन आला.
‘अगं, नळाला पाणी आलंय, मोटारीचं बटण कुठलं?’
डावीकडचं, म्हटलं.
अजून काही म्हणेल म्हणून
फोन जरा वेळ कानालाच ठेवला.
मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

वजनांनाही वर्षातून एकदा
तपासायला न्यावं लागतं.
हाताळून हाताळून पितळ झिजतं,
डोळ्यांना दिसत नाही इतकंच.
दाखल्यावर शिक्का मारून देतात:
झीज मर्यादेत. पुढील तपासणी एक वर्षानं.

निघताना वैजयंता नावाच्या पोरीनं
एक घड कागदात गुंडाळून दिला.
‘मणी कडीतून निसटतात, परदेशात चालत नाहीत.
खाऊन बघा.’
बसमध्ये खाल्ला, सगळा, बिया नव्हत्याच.

संध्याकाळी गंगेवर गेले.
इथंही तिला गंगाच म्हणतात,
दिवसभरातलं तेवढंच एक ओळखीचं.
पण ही केवढीशी!
आमच्याकडं येते तेव्हा तिच्यात
किती गावांचं काय काय मिसळलेलं असतं,
पात्र पसरलेलं, चाल जड.
इथं दगडी पायऱ्यांच्या मधून
शाळेत निघाल्यासारखी, रांगेत.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी
मी पाण्यात हात घातला आणि लगेच काढला.
गार होतं.

लॉज पाच मिनिटांवर.
वाटेत शालिमारला पुन्हा तीच हाक,
द्वारका, द्वारका, एकच सीट!
मला जायचं नव्हतं कुठं.
‘द्वारका?’ त्यानं थेट माझ्याकडं बघून विचारलं.
हो, म्हटलं.
‘मग बसा की.’

वीस रुपये दिले, पुलाखाली उतरले.
धूळ, ट्रक, कणसं भाजणारा एक म्हातारा.
कुणीतरी घ्यायला येणार असल्यासारखी
जरा वेळ उभी राहिले.

तिथं मात्र माझं नाव कुणी घेईना.
तिथं सगळे
शालिमार, शालिमार ओरडत होते.